'काढून' या शब्दातला पहारेकरी

बाई,

आमचे जावई सोसायटीत सांगत असतात की मी हिंजवडीला एका पहारेकऱ्याची छाती दाबून त्याचे प्राण वाचवले. हे विधान चुकीचे आहे. छाती मी दाबली नाही. मी फक्त व्याकरण सांगितले, आणि तेही आपलेच.

शाळेत असताना मी निबंधात लिहिले होते, 'शाळेत येऊन अंघोळ केली.' आपण वही मिटून विचारलेत, "कुठे रे, पाण्याच्या पिंपात?" वर्ग हसला, मीही हसलो. मग आपण म्हणालात, "'ऊन' हा प्रत्यय पहारेकरी आहे. आधीची क्रिया पुरी झाल्याशिवाय पुढचीला आत सोडत नाही."

आपण गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त झालो तेव्हा, एका संगणक कंपनीने मला एटीएमच्या पडद्यावरचे मराठी तपासायला बोलावले. पडद्यावर होते, 'पैसे घेऊन कार्ड काढा.' लोक पैसे घेत आणि कार्ड आतच विसरत. फाटकाजवळच्या यंत्रापुढे उभा राहून तिथल्या इंजिनिअर मुलीला मी 'कार्ड काढून पैसे घ्या' हा क्रम समजावत आहे, तोच रोकड भरायला आलेल्या गाडीचा बंदूकधारी पहारेकरी कोसळतो. श्वास नाही. मुलगी प्रथमोपचार शिकलेली. ती गुडघे टेकून छाती दाबू लागते. पण त्याच्या अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, आत टणक पत्रा.

"सर, छाती खाली जातच नाहीये!"

"गोळी जात न्हाय त्यातनं, ताई," गाडीचा ड्रायव्हर रडवेला होऊन म्हणतो, "तुमचं हात कसं जात्याल?"

"क्लासमध्ये सांगितलेलं, जॅकेट काढून छाती दाबायची. पण टाइम जाईल हो!"

"आपण 'काढून' म्हणालात, तेव्हा आधी काढावे," मी म्हणालो.

ड्रायव्हरने खांद्यांवरचे आणि बगलांतले पट्टे फर्रकन उचकटले, जॅकेटचा पुढचा भाग दूर भिरकावला. आता छाती दबू लागली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती दोघे आळीपाळीने दाबत राहिली, आणि रुग्णालयात त्याचे हृदय ताळ्यावर आले.

आता तारखा. जावई सांगतात तसा प्रसंग शनिवारचा नव्हे, मंगळवारचा. शनिवारी कंपनीला सुटी असे. पहारेकरी स्वतः भेटायला आला तो दिवाळीत नव्हे, संक्रांतीला, आणि पेढे नव्हे, तिळगूळ घेऊन. "आजोबा, गोड बोला," म्हणाला. मी प्रयत्न केला. शाळेच्या स्मरणिकेत आपले निधन गुरुपौर्णिमेचे छापले आहे; ते आदल्या दिवशीचे. गुरुपौर्णिमेला फुले घेऊन मी आपल्या दारी आलो होतो, म्हणून मला ठाऊक.

हे पत्र मी टाकणार नाही. वरचे माझे 'आधी काढावे' हे वाक्य मी घरी येऊन सुधारले आहे. प्रत्यक्षात मी ओरडलो होतो, "अगं, काढून टाक ते!" हे संयुक्त क्रियापद, बाई. त्यातला 'ऊन' पहाऱ्यावर नसतो.