मोळीचा रकाना

सोम., ३ फेब्रु.
नोटीस आली. लाकडाची भट्टी बंद करा, पावसाळ्याआधी गॅस नाहीतर वीज. अब्बांनी दोनदा वाचली, घडी घातली आणि बिस्किटांच्या बरणीखाली सारली. बरणीखाली सारली की सरकार विसरतं, असा काहीतरी समज असावा. मी काढून भिंतीवर चिकटवली. बेकरी आता मी चालवते. आणि खरं सांगायचं तर हा धूर मलाही नकोच आहे, अब्बांचा खोकला लहानपणापासून ऐकतेय. करायचं. ठरलं.

गुरु., ६ फेब्रु.
हिरीबाई मोळी घेऊन आली. डोंगराखालच्या वाडीवरून खालापूरपर्यंत पायी, आठवड्यातून तीनदा, मी शाळेत होते तेव्हापासून. तिला सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. तिने डोक्यावरची चुंबळ सोडली, चहा संपवला, मग म्हणाली, "म्हंजे आता आमी नको."
"तुला वाऱ्यावर सोडणार नाय, हिरीबाई."
बोलून बसले खरी. कसं ते माहीत नाही.

गुरु., २० फेब्रु.
कचेरी. ओव्हनसाठी सरकारी मदत मिळते, अर्ज दिला. येताना वीजवाल्यांकडे. तिथला माणूस बरा होता, नीट समजावलं. उन्हाची वीज दुपारी उतू जाते म्हणून तेव्हा स्वस्त, संध्याकाळी सगळे एकदम बटणं दाबतात म्हणून महाग. म्हणजे संध्याकाळचा पाव दुपारी काढायचा. टोलनाक्याकडचा वडापाववाला कुरकुरला, "पाव गार होईल." म्हटलं, वडा गरम ठेव, पाव कोण विचारतोय.

शनि., ८ मार्च
ओव्हन लागला. पहिलाच घाणा वाया!
चूक अब्बांची, पण रागावू कशी. भट्टीत आधी लाकूड जाळायचं, निखारे ओढून काढायचे, मग तापलेल्या विटांवर पाव भाजायचा. आयुष्यभर हेच केलं. इथेही ओव्हन लाल होईतो तापवला, ट्रे आत सरकवले आणि बटण बंद करून निवांत स्टुलावर बसले. वरून रंग झकास. रोजे चालू, चाखणार कोण? हिरीबाई आली होती, तिला दिला. तिने मधोमध फाडला. "चाचा, आत पीठ हाय रं."
अब्बा पत्र्यावरून हात फिरवत राहिले. "अगं, पण यात विटाच नाय."
मला हसू आवरेना. दुसरा घाणा बटण चालू ठेवून. चांगला निघाला.

मंगळ., ११ मार्च
हिरीबाईला म्हटलं, ट्रे घासायला ये, पगार देते. ती ओठ दाबून हसली.
"रानात मला कोन हाक मारीत नाय. हितं तू मारशील."
बरोबरच आहे तिचं, तरी राग आला. मी मार्ग काढतेय आणि हिचा ताठा! तसं म्हणाले तेव्हा शांतपणे बोलली, "तुला भट्टी बदलाया सरकार पैका देतंय. मी मोळी बदलून काय आनू, त्याचा कोन देतंय, सांग."
दिवसभर तेच डोक्यात. हवा सगळ्यांची साफ होणार, आणि त्यासाठी पोट मारायचं एकटीने?

गुरु., २७ मार्च
ईद तोंडावर. मोहल्ल्यातल्या बायका नेहमीसारख्या घरून नानकटाई थापून ट्रे घेऊन हजर. दर ईदला पाव निघाल्यावर विटांत आच उरायची, तिच्यावर त्यांचे ट्रे भाजायचे, फुकट. आज आच उरलेली नाही. आता प्रत्येक मिनिट मीटरवर. एक म्हणाली, "मग यंदा मीटर लावणार काय गं आमाला?"
उरलेली आच कुणाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. सरकारनेही नाही.
म्हटलं, उद्या दुपारी या, वीज स्वस्त असते, दोन घाण्यांच्या मध्ये भाजून देते. फुकटच. आणि हे बोलता बोलता हिरीबाईचं डोक्यात लख्ख झालं. जे कुणी हिशेबात धरलं नाही ते आपण धरून दाखवायचं, मागायचं.

बुध., २ एप्रिल
हिरीबाईला घेऊन कचेरीत. ओव्हनच्याच अर्जाचा कोरा नमुना घेतला. बेकरीचं नाव, जुनं इंधन, नवं इंधन. लाकूड आणणाऱ्याचं कुठे लिहायचं, विचारलं.
कारकून म्हणाला, "मॅडम, असा रकाना नाय."
"मग पट्टी द्या."
दिली बिचाऱ्याने. शेवटच्या रकान्याखाली रेघ मारली, वर लिहिलं: लाकूड पुरवणारे, आता काम बंद. खाली हिरीबाईचं नाव. वाडीवरच्या आणखी चौघींची नावं तिने न थांबता सांगितली, या तिच्याबरोबर रानात लाकूड गोळा करून मोळ्या बांधतात हेही मला आजच कळलं. इतकी वर्षं मी एकच मोळी बघत होते.
तिने अंगठा उमटवला. कारकुनाने कागद उलटासुलटा केला. "हा घेऊ का नको, सायबांना विचारतो. सोमवारी या."
बाहेर हिरीबाई म्हणाली, "नाय घेतला तर?"
"दुसरा लिहू."
"सोमवारी त्या चौघींनाबी आनते," म्हणाली, आणि अंगठ्याची शाई न पुसता चालू लागली.