थेट पोपसाहेबांच्या हाताखाली

प्रिय वहिनी,

मठातल्या नणंदेचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचं घोरणं कमी झालं का? (मी देवाला सांगून पाहिलं, तो तरी किती ठिकाणी पुरा पडणार.)

इथली हकिगत ऐका. आमच्या मठप्रमुख मदर अठरा वर्षं खुर्चीला चिकटलेल्या. बिशपसाहेब कधी मठाची विचारपूस करायला आलेच, तर त्यांना दारात उभं करून म्हणायच्या, "आमचा संघ थेट पोपसाहेबांच्या हाताखाली. मध्ये कोणी नाही." बिचारे छत्री मिटायच्या आत परत. पोपसाहेब लांब राहतात, त्यामुळे ही व्यवस्था फारच सोयीची होती. मग एक दिवस त्या लांबून पत्र आलं: मुदत केव्हाच संपली, निवडणूक घ्या. झालं! बाईंना जेवायच्या आत नवं धर्मशास्त्र सुचलं. म्हणे, पोपसाहेबांचा अधिकार श्रद्धेपुरता. मठ कसा चालवायचा ते आमची नियमावली सांगेल. आणि नियमावली कुठे? त्यांच्या कपाटात. कपाटाची किल्ली? त्यांच्या कमरेला.

उत्तर जाईना, तेव्हा पोपसाहेबांनी चौकशीला दुसऱ्या संघातली एक सिस्टर धाडली. किरकोळ अंगाची, हातात एक पिशवी. ती यायच्या सकाळीच मदरनी आम्हाला आठ दिवसांचं मौन लावलं. (भक्ती इतकी वेळेवर उफाळलेली मी प्रथमच पाहिली.) पाहुणी प्रश्न विचारतेय आणि आम्ही एकवीसजणी माना हलवतोय, त्याही प्रत्येकीची वेगळीकडे. तिसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, बटाटे सोलायला बसली आणि हळूच म्हणाली, "हे मौन उठवायचा अधिकार मला दिलाय. पोपसाहेबांची सही दाखवू?"

सही कोण बघतंय! मी दुपारपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत बोलले. बटाटे संपले, मी नाही.

निवडणूक झाली. मदरना दोन मतं, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. किल्ल्या माझ्या हातात देताना मात्र कपाटाची किल्ली त्यांनी दोनदा परत कमरेला लावली, माझ्याच्यानं बघवेना. लगेच म्हणाल्या, "कळवा पोपसाहेबांना, अधिकार ओलांडलात म्हणून." म्हणजे प्रकृती ठणठणीत.

तुमचीच,
धाकटी नणंद

ता. क. किल्ल्या माझ्या हातात का दिल्या, ते लिहायचं राहिलं. नवी मदर मीच.

ता. क. जुन्या मदरना सहा महिने मठाबाहेर विश्रांतीची परवानगी मिळाली आहे. त्यांना जवळचं कोणी नाही. तुमची वरची खोली रिकामीच असते ना?

ता. क. गुरुवारी सकाळी सातच्या गाडीनं पोचतील. घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या उंबऱ्यातच विचारतील. उत्तर काय द्यायचं ते तुम्ही आणि दादा बुधवारपर्यंत ठरवून ठेवा.