मच्छिंद्रच्या टिपा

४ जून २००७, जुना जालना
आलो एकदाचे! स्टेशनाजवळ दोन खोल्या मिळाल्या. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच नोकरीही नवऱ्याच्या, मच्छिंद्रच्याच ऑफिसात. आम्ही बियाण्यांच्या कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहितो. कोडमध्ये कुणीही बदल केला की तो नाव, वेळ आणि छोट्या टिपेसकट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, जमा होतो. बिल्ड सर्व्हरनं तो आपोआप उचलून प्रोग्राम बांधून बघायचा. ती जोडणी लिहायचं काम माझं. मच्छिंद्र टिपेत भलतंच लिहितो. आज माझ्यासाठी लिहिलं, 'बेबीनंदा, भूक लागून राह्यली.' सर्व्हर सांभाळणारे इस्माईलभाई पोट धरून हसले.

२३ जून
जोडणी चालली! पहिला बदल मच्छिंद्रचाच आला. उद्या तो मोटारसायकलवर हसनाबादला आईकडे जाणार. मी येते म्हटलं, तर म्हणाला, तू आराम कर.

११ जुलै
परतताना राजूरच्या रस्त्यावर त्याला ट्रकनं उडवलं. त्याला जाऊन सतरा दिवस झाले. सासूबाई ठेवून घेत होत्या. मी राहिले नाही. इथं स्क्रीनवर त्याचं नाव तरी दिसतं.

१२ जुलै
दुपारी सर्व्हरनं नवा बदल उचलला. नाव मच्छिंद्रचं, वेळ आजची. टीप : 'निघालो. जल्दी येतो.'
माझाच कोड चुकला असणार. तीनदा तपासला. बराबर आहे.

१३ जुलै
इस्माईलभाईंनी माझ्यासमोर त्याचं खातं बंद केलं. तासाभरात टीप आली : 'घरी आल्तो. तू बघतच न्हाईस.'
काल रात्रभर मी घरीच होते —

१४ जुलै
'दार वाजवून राह्यलो.' 'मी काय केलं, बेबे?'
त्याला माहीतच नाही. कुणी सांगितलंच नाही त्याला.
इस्माईलभाई म्हणतात, जोडणी तोड. तोडली तर तो कुणाशी —

१६ जुलै
'आईनं माझ्या फोटोला हार का घातला?'
आता मलाच सांगावं लागणार.

१७ जुलै
सांगितलं. टिपेतच. ट्रक. तारीख. तू गेलास, असं — लिहिलं मी.
सर्व्हरनं उचललं.
उत्तर आलं : 'मंग मला येवढं दुखून का राह्यलं?'
पुन्हा तेच. पुन्हा. थांबतच नाही —
इस्माईलभाई रडत सर्व्हरची वायर ओढायला वाकलेत. नका ना, भाई, तो अजून