बाबांचा पाय आणि माझं मलम

कुएन्का, मंगळवार

ती. ओतिलिया आत्यांना यादिराचा नमस्कार.

मांटाचा उकाडा जरा उतरला असेल, तुमचे गुडघे जिना चढू देत असतील आणि काकांनी बोटीवरच्या लोकांशी रेडिओवरून भांडणं थांबवली असतील, अशी आशा करते. इथे आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा डावा पाय सोडून.

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. बाबांच्या टाचेची जखम वर्षभर चिघळते आहे (साखर, आणि लपवून खाल्लेले गोड पाव). आमच्या प्रयोगशाळेतलं मलम रुग्णालयात रुग्णांवर तपासायला दिलं, तेव्हा बाबा मला न सांगता रांगेत जाऊन उभे राहिले. घरच्या माणसाला त्यात घेता येत नाही, म्हणून त्यांनी मुलगी शिवणकाम करते असं सांगितलं. दुपारपर्यंत मात्र मलम मुलीनेच शोधलं, हे साऱ्या वॉर्डाला सांगून झालं होतं. (मी शोधलेलं नाही. बेडकाच्या कातडीत जंतू मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. तसेच तुकडे आम्ही काही जण मिळून बनवतो. बेडकाला हातही लावत नाही.) मी वरिष्ठांना कळवलं. बाबांचं नाव तपासणीतून वगळलं, पण डॉक्टरांनी दया म्हणून मलम चालू ठेवलं. शेजारच्या खाटेवरचा बसचालक रोज विचारतो, "काय काका, पहिली उडी कधी?" बाबा म्हणतात, "तुझी बस वेळेवर सुटेल त्या दिवशी."

दर वेळी मलम लावण्याआधी बाबा तुम्ही बाटल्या भरभरून पाठवलेल्या समुद्राच्या पाण्याने जखम धूत होते. हे मला परवा कळलं. खारं पाणी लागलं की आमच्या मलमाचा जोर जातो. आता जंतू हाडात शिरले आहेत. गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, आणि या आठवड्यात, असं सर्जन म्हणतात. नाहीतर विष रक्तात पसरेल. बाबा नाही म्हणतात.

काकांना नमस्कार.

तुमची,
यादिरा

ता. क. पाण्याचं मनाला लावून घेऊ नका. बाबांच्या जखमेतले जंतू मी प्रयोगशाळेत नेऊन खाऱ्या पाण्याशिवायही तपासले. आमचं मलम त्यांना मारत नाही.

आणखी एक. बाबा घाबरून नाही म्हणत नाहीत. सर्जनना त्यांनी सांगितलं, "पाय दिला तर लोक म्हणतील, पोरीचं औषध फुकट गेलं." मी त्यांना तपासणीचा निकाल दाखवला. म्हणाले, "तू लहानपणापासून स्वतःला कमी लेखतेस." आणि मलम चोळत बसले. माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही कुणाला नावं ठेवलीत की मात्र त्यांना लगेच पटतं. म्हणून पत्र मिळताच पहिल्या बसने या. वॉर्डात उभ्या राहून, बसचालकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, हे मलम टाकाऊ आहे असं सांगा. नाताळात माझ्या हातच्या सूपबद्दल बोललात, तसंच बोला. मी दाराबाहेर उभी असेन. मध्ये बोलणार नाही.