स्विच मधे असताना

३ सप्टेंबर १९८४, सोमवार

पुन्हा तेच! स्विच मधे आणला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

दादाच्या बेस गिटारला तारांखाली दोन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार, बाकी काही नाही. स्विच वर केला की मानेकडचा बोलतो — घुमतो, पोटात जाणवतो. खाली केला की शेपटाकडचा — खणखणीत. मधे ठेवला की दोन्ही एकदम. म्हणजे आवाज भरायला हवा. तर हा उलट वाळतो!

शेपटाकडचा मेलेलाच होता. दादा दवाखान्यात असताना मी तो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नव्याने गुंडाळला. दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळते, एक भावासाठी. त्याला दाखवायला नेला तर म्हणाला, "बसवून ठेव उमे, घरी आलो की ऐकू." जूनमध्ये तो गेला. ऐकायचं राहिलंच.

संध्याकाळी धाकलू आला. दहिवलीची मेलडी पार्टी त्याची, ड्रमही तोच वाजवतो. अण्णांना घाबरून अंगणातच उभा. नवरात्रात दहिवलीला कार्यक्रम आहे आणि बेसला माणूस नाही. मला म्हणतो, "तूच बस ना गं. विष्णूनंच शिकवलंय तुला, मला ठाव हाय."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवेना. मला बसायचंय! दादाच्या जागी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही, हे खरं कारण.

पण अण्णा. तेराव्याला सगळ्यांसमोर बोलले होते — वर्ष सरेपर्यंत या घरात सण नाही, वाद्य नाही. यंदा गणपतीसुद्धा आणला नाही. वडील पडले शाळामास्तर, त्यांचा शब्द खडूने लिहिला तरी पुसत नाही. मी रोज संध्याकाळी मधल्या खोलीत दार लावून, आवाज बारीक करून वाजवते. ते पलीकडे ओटीवर. त्यांना ऐकू जातं, मला माहीत आहे. रागावतही नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

५ सप्टेंबर

सगळे सांधे तपासले. स्विच घासून पुसला. टोनचं बटण सोडवून परत जोडलं. दिवा मिणमिणत होता, सोल्डर धड वितळेना. वीज भिवपुरीत आणि उजेड मुंबईत — आमच्या वाट्याला काय, तर खांब!

आणि एक झालं. लिहू की नको?

स्विच मधे होता. तारेवर बोट ठेवलं, अजून छेडली नव्हती. स्पीकरमधून आलं — हं.

खर्जातलं, तोंड मिटून केलेलं. दादाची सवय ती. प्रत्येक गाण्याआधी तो असा सूर धरायचा आणि त्याच्यावर धाकलू पहिली काठी टाकायचा. पार्टीत सगळे चिडवायचे त्याला, म्हैस हंबरली म्हणून.

स्विच वर केला. काही नाही. खाली. काही नाही. मधे आणून बसून राहिले. काही नाही. मग पुन्हा बोट ठेवलं.

हं.

६ सप्टेंबर

आज गिटारीला हात लावला नाही.

९ सप्टेंबर, रविवार

मैनाला बोलावलं. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, आमच्या गावची, कुंभिवलीचीच आहे. तिला काल एसटीची वाट बघताना सगळं सांगून टाकलं होतं. ती घाबरली नाही, उलट मलाच दटावलं — "राहिलेलं असलं की माणूस येतो गं. त्याला इचार, काय पायजेल." मी तिला वेडी म्हटलं.

आज ती आली, गिटार बघायला वाकली, आणि तिच्या बांगड्या स्पीकरमधून वाजल्या!

मी तिच्यावर ओरडलेच — हलू नको. पिकअपशी तोंड नेऊन बोलले. माझाच आवाज पलीकडून आला. सुचलं कसं नाही मला! मी तार गुंडाळली पण ती कशात बुडवून पक्की केली नाही. कारखान्यात वार्निशची टाकी असते, ते काम दुसऱ्या खात्याचं, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. सुटी तार थरथरते आणि मायक्रोफोनसारखं ऐकते.

मग खरी परीक्षा. अण्णा देवळात गेले होते. त्यांची खुर्ची ओटीवर, मधल्या खोलीच्या लाकडी फळ्यांच्या पडद्याला टेकून असते आणि मी वाजवताना गिटारीचं डोकं आतून त्याच पडद्याला टेकलेलं असतं. मैनाला खुर्चीत बसवलं, हळू बोल म्हटलं. तिने सासूची नक्कल केली. शब्द न् शब्द आला.

म्हणजे अण्णा!

मैना गेल्यावर खूप रडले. वाद्य नाही म्हणणारे माझे अण्णा पडद्यापलीकडे बसून मुलाचा सूर धरतात. मला उघड वाजव म्हणता येत नाही, शब्द आडवा येतो, म्हणून असं. इतके दिवस मी त्यांना दगड समजत होते.

धाकलूला निरोप धाडला — येते.

१२ सप्टेंबर

आजही आलं. मी घाबरले नाही. पडद्याच्या फटीतून पाहिलं. अण्णा खुर्चीत, डोळे मिटलेले, मांडीवर बोटं ताल धरून. बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, रविवार

बिघाड सापडला आणि तो माझाच! टॉर्चचा सेल आणि दादाचं शाळेतलं होकायंत्र घेतलं. पिकअपच्या दोन वायरींना सेल क्षणभर टेकवायचा आणि सुई कुठे झटका खाते ते पाहायचं. मानेकडच्याने सुई उजवीकडे. माझ्याने डावीकडे.

आमच्या कारखान्यात सुरुवातीच्या टोकाला लाल नळी, शेवटच्या टोकाला काळी. झोपेतून उठवलं तरी माझा हात तेच करेल. गिटार करणाऱ्याने नेमकं उलट केलं होतं. मी बसवताना रंगाला रंग जोडला आणि निर्धास्त झाले. त्यामुळे दोन्ही पिकअप एकमेकांविरुद्ध ओढत होते. दोघांनी जे सारखं ऐकलं ते कापलं जायचं. तारेचा सूर दोघांना सारखाच, म्हणून तो मरायचा. उरायचं ते फक्त जे तारेचं नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. आवडलं नाही.

असो. वायरी उलटवल्या. स्विच मधे. अहाहा! फडताळावरची भांडी थरथरली.

पण स्टेजवर मोठे स्पीकर असतात, असा ऐकणारा पिकअप तिथे शिट्ट्या मारत सुटेल. वार्निश दिलं तर पुन्हा कधी निघत नाही, म्हणून मेण. डब्यात मेण, डबा उकळत्या पाण्यात, पिकअप मेणात. निवल्यावर बांगड्या वाजवून पाहिल्या. ठार बहिरा.

आता अण्णांचं हं ऐकू येणार नाही. जरा चुटपुट लागली. पण त्यांनी हो म्हणायचं ते म्हणून झालंय.

१८ सप्टेंबर

अण्णांना दहिवलीचं सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली. वर्ष, सण, वाद्य — सगळं ऐकायच्या तयारीने उभी होते. म्हणाले, "जा. स्टेजवर वायरी असतात, पाय जपून टाक."

एवढंच! त्या हंचा विषय मी काढला नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला अवघडवायचं?

३० सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळी दहिवलीला वाजवलं. सुरुवातीला धाकलू काठ्या उचलून माझ्याकडे बघत राहिला — "हं कोन देनार?" मला तो सूर काढवेना. शेवटी त्याने काठ्या आपटून मोजलं आणि सुरू केलं. मग छान झालं. बेस असा भरून लागला की पुढच्या रांगेतल्या बायका छातीवर हात ठेवून बघायला लागल्या! दादा असता तर नाचला असता.

अण्णा आले होते, सगळ्यात मागे उभे. पुलावरून परत येताना मागे मागेच राहिले. दमले असतील.

१ ऑक्टोबर

कामावर गेले नाही.

सकाळी चहा घेताना अण्णा म्हणाले, "परवा तू ते केलं नाहीस. आणि पंधरा दिवसांत घरीही नाही."

"काय?"

"विष्णूचं हं. रोज संध्याकाळी करायचीस. म्हटलं, पोरीने त्याचा सूर जिवंत ठेवलाय, तिला कुठल्या तोंडाने अडवू? म्हणून जा म्हणालो."

मी म्हटलं, "अण्णा, ते तुम्ही करत होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. मी त्यांना पिकअपचं, वायरींचं आणि मेणाचं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ते मेण काढता येतं?"

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज येतोय. मेण वितळवायला पाणी त्यांनीच ठेवलंय. मी लाल आणि काळी वायर पुन्हा चुकीची जोडते आहे.