मिझुरीच्या रानात जाण्यापूर्वी

मी, लक्ष्मणराव कोंडिबा तापकीर, वय सत्त्याहत्तर, व्यवसाय पूर्वी कामगार न्यायालयात वकिली, राहणार चिंचवड, मूळ गाव रहाटणी, हा लेख पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. मन मात्र स्वस्थ नाही. अस्वस्थ मन आणि असमर्थ मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे या लेखाविरुद्ध उभे राहणार्‍या वकिलाने त्यांची गल्लत करू नये. डॉक्टर स्वरूपा देशमाने यांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

कलम १. निमित्त. माझा एकुलता एक मुलगा रणजीत चाकणच्या एका मोटार कंपनीतून अमेरिकेतील मिशिगन राज्यात गेला आणि तिकडेच राहिला. घटस्फोटानंतर तो एकटा असतो. कंपनीतल्या सोबत्यांच्या नादाने तो दर वसंतात गाडीने दोन राज्ये ओलांडून मिझुरी राज्यात रानटर्कीच्या शिकारीस जाऊ लागला. आपल्याकडे शिकार गुन्हा आहे. तिकडे परवाना काढून, नेमलेल्या दिवसांत, फक्त नराची करता येते. तत्त्वतः मला ती मान्य नाही व तसे मी त्याला सांगितले आहे. तरीही गेल्या एप्रिलमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ चिमाजी त्याच्याबरोबर गेलो. कारण घरात रणजीत बोलत नाही, गाडी चालवताना बोलतो. डोळे रस्त्यावर असले की त्याला बापाशी बोलणे जमते. आम्हा दोघांजवळ बंदूक नव्हती. यंदाही नसेल.

त्या रानात रणजीतच्या बंदुकीची नळी चिमाजीवर रोखली गेली. गोळी सुटली नाही. यंदा आम्ही तिघे पुन्हा त्याच रानात जात आहोत. तेथे काही अघटित घडल्यास माझ्या मुलाला खुनी ठरवून घराण्यातून काढले जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. बाकी मिळकतीची वाटणी ओघाने येते.

कलम २. चिंचवडचा फ्लॅट, बँकेतील ठेवी व त्यांवरील व्याज माझी पत्नी सौ. सोजराबाई हिला. तिच्या हयातीत फ्लॅट विकण्याचा किंवा न विकण्याचा सल्ला तिला कोणी देऊ नये. ती आमच्याबरोबर येत नाही. तिला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोघं म्हातारे पाखराच्या मागं सातासमुद्रापार निघालेत, मागं कोणीतरी शहाणं माणूस नको का?" हे उत्तर मी येथे नोंदवून ठेवतो, कारण त्याचे खंडन मला अद्याप सुचलेले नाही. तिच्या पश्चात फ्लॅट रणजीतला.

कलम ३. माझी कायद्याची पुस्तके, कपाटासह, आणि माझा काळा कोट चिमाजीची नात अपेक्षा हिला. ती कायद्याच्या दुसर्‍या वर्षाला आहे. कोट तिला मोठा होईल. खांद्यात घेता येईल. पुस्तकांच्या समासात मी काही न्यायमूर्तींविषयी पेन्सिलीने लिहिले आहे, ते तिने वाचावे आणि खोडावे.

कलम ४. माझ्या शोकसभेत श्री. भैरू काळोखे, माजी युनियन पुढारी, यांना बोलू देऊ नये. ते कोणाच्याही मरणावर उभे राहिले तरी स्वतःच्याच संपावर बोलतात. बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, ध्वनिक्षेपक देऊ नये.

कलम ५. मरण परदेशात आल्यास दहन तिकडेच करावे. पेटी विमानाने आणण्याचा खटाटोप करू नये. अस्थी रणजीतने स्वतः आणून पवनेत सोडाव्यात. 'स्वतः' या शब्दाखाली मी रेघ ओढली आहे. त्याला येण्यास संकोच वाटेल अशी परिस्थिती असेल, तर तो विशेषकरून आला पाहिजे.

कलम ६. गेल्या वर्षीची हकिकत. ही मी प्रत्यक्ष साक्षीदार या नात्याने सांगतो, कारण रहाटणीत तिच्या इतर आवृत्त्या फिरत आहेत.

टर्की हा गिधाडाएवढा थोराड पक्षी. वसंतात नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे होते. शिकारी झाडाला पाठ लावून, पानापानांच्या नक्षीचे कपडे घालून, हातातल्या पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढतो, आणि नर त्या आवाजाच्या रोखाने येतो. हे ऐकून चिमाजी गाडीतच म्हणाला होता, "म्हंजे बायकूच्या आवाजानं नवर्‍याला बोलवायचं आन् मारायचं. लई वंगाळ." रणजीत त्या दिवशी पुष्कळ हसला होता. त्यानेच आम्हाला तिकडचा पक्का नियम सांगितला: अंगावर लाल, पांढरे, निळे काही घालायचे नाही, कारण झुडपाआडून दुसर्‍याला ते नराचे डोके वाटते. चिमाजीने मान हलवली. त्याचे कपडे, मोजे, रुमालसुद्धा रणजीतने तपासले.

सूर्य उगवायच्या आधी आम्ही बसलो. मी रणजीतच्या शेजारी. चिमाजी थोडा पुढे, उजव्या अंगाला, एका मोठ्या ओकच्या बुंध्याशी. रणजीतने आवाज काढला. त्याच अंगाने नराने उत्तर दिले आणि तो गप्प झाला. गप्प झालेला नर चालत येत असतो, असे रणजीतने शिकवले होते. सूर्य वर आला. त्या वेळी आमच्या आणि चिमाजीच्या मधल्या झुडपात पांढरे आणि लाल काहीतरी खाली-वर हलले. रणजीतने बंदूक खांद्याला लावली. मी स्वतः ते पाहिले आणि मलाही ते पक्ष्याचे डोकेच वाटले. हे वाक्य महत्त्वाचे आहे.

इतक्यात झुडपातून आवाज आला, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं."

चिमाजी उगवत्या सूर्याला नमस्कार करत होता. आमच्या घरात पुरुष उघड्या डोक्याने देवापुढे वाकत नाही, आणि पानापानांच्या टोपीने तर नाहीच. म्हणून त्याने खिशातली पांढरी टोपी काढून घातली होती, डबीतले कुंकू कपाळाला लावले होते, आणि सूर्य नीट दिसावा म्हणून बुंध्यापासून आमच्या बाजूच्या झुडपात सरकला होता. त्याला नियम सांगितला नव्हता का? सांगितला होता. पण त्याच्या मते तो नियम कपड्यांचा होता. "पूजेचं कोण बोललं?" असे त्याने मला नंतर विचारले. रणजीतने पूजा हिशेबात धरली नाही. सत्तर वर्षे रोज सूर्याला वाकणारा माणूस रानात वाकणार नाही, असे आम्ही दोघांनी न बोलता गृहीत धरले होते.

रणजीतने बंदूक पानांत ठेवली आणि तो तेथेच बसून राहिला. परतीच्या सबंध प्रवासात, डोळे रस्त्यावर असूनही, तो बोलला नाही.

कलम ७. रहाटणीची जमीन. वडिलांच्या मागे राहिलेला, रस्त्यालगतचा शेवटचा तुकडा सातबार्‍यावर आम्हा दोघा भावांच्या नावे सामाईक आहे. चिमाजीचा मुलगा रोहिदास, ज्याचा चाकणला टेम्पोचा धंदा आहे, तो अनेक वर्षे वाटणी मागत आहे. मी नाही म्हणत आलो. रानातली गोष्ट चिमाजीने गंमत म्हणून घरी सांगितली आणि ती रोहिदासला गंमत वाटली नाही. भावकीच्या बैठकीत तो म्हणाला, "बंदूक चुकून उठत नसती, आण्णा. उठवावी लागती." यंदा वडील पुन्हा जाणार हे कळल्यावर त्याने मला फोन करून सांगितले की काही झाले तर तो रणजीतला सोडणार नाही.

रोहिदासवर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर फिर्याद मी याहून नेटकी मांडली असती. जमिनीचा वाद आहे, म्हणजे हेतू आहे. परका मुलूख आहे, म्हणजे संधी आहे. आधी एकदा नळी रोखलेली आहे, म्हणजे पूर्वतयारीही दाखवता येते. मी गेले कित्येक दिवस ही फिर्याद मनात चालवत आहे आणि दर वेळी फिर्यादी जिंकतो. त्यामुळे झोप लागत नाही.

उपाय म्हणून पहिल्या मसुद्यात मी असे कलम घातले होते की या प्रवासात चिमाजीचा मृत्यू झाल्यास माझा अर्धा हिस्सा रोहिदासला जाईल. म्हणजे चिमाजीच्या मरणाने रणजीतचे फक्त नुकसान होईल, आणि हेतू उरणार नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी चिमाजी आणि रोहिदास यांना बसवून मी मसुदा वाचून दाखवला.  चिमाजी म्हणाला, "आण्णा, तू माझ्या मरणाला भाव लावलास."

मी त्याला हेतूचे तत्त्व समजावू लागलो. त्याने हात वर केला.

"ते तुझं कोर्टातलं र्‍हाऊ दे. द्यायचं तर जित्तेपणी दे. न्हाईतर देऊ नको. मेल्यावर माझ्या पोराला कायबी नगं."

रोहिदास उठून गॅलरीत गेला. 

मी ते कलम फाडले. त्याऐवजी वाटणी आत्ताच केली आहे आणि वाटणीपत्र स्वतंत्र नोंदवले आहे. रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मी वाटे पाडले. चिमाजीने रस्त्याकडचा उचलला. मागचा वाटा या लेखाने रणजीतला. आता चिमाजीच्या मरणाने रणजीतची एक वीतही वाढत नाही.

कलम ८. एवढ्याने माझे समाधान होत नाही, म्हणून पुढचे लिहितो. खून करणार्‍याला मयताचा वारसा मिळत नाही, असे आपला कायदा सांगतो, आणि योग्यच सांगतो. या प्रवासात माझा मृत्यू रणजीतच्या बंदुकीने झाला, तर ते कलम त्याच्याविरुद्ध कोणी वाचू नये. तो अपघात असेल. हे मी घटना घडण्यापूर्वी सांगत आहे, यावर आक्षेप येईल. माझे उत्तर असे: माणूस झुडपात काय पाहील हे मला सांगता येत नाही, पण माणूस जाणूनबुजून कशावर नेम धरेल हे त्याच्या बापाला सांगता येते. चिमाजीच्या बाबतीतही माझी साक्ष हीच समजावी. मृत्युपत्राने फौजदारी प्रश्न सुटत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

कलम ९. मग जाताच कशाला, असे सोजराबाईने विचारले, रोहिदासने विचारले, आणि मी स्वतःला रोज विचारतो. रणजीत यंदा जाणार नव्हता. त्याने बंदूक सोबत्याकडे ठेवायला दिली होती. फोनवर तो आईशी दोन शब्द बोलतो, माझ्याशी तेवढेही नाही, आणि चिमाजीचे नाव निघाले की फोन ठेवतो. जाण्याचा हट्ट चिमाजीचा आहे. त्याने रणजीतला परस्पर फोन लावला. तो काय बोलला ते मी शेजारी बसून ऐकले: "बैलानं शिंग उगारलं म्हून कोण गोठ्यात जायाचं सोडतं व्हय? मी तुझ्याम्होरं त्याच झाडाला टेकून बसणार हाय. तू ये."  मग रणजीत "तात्या" एवढेच म्हणाला.

मी या योजनेच्या विरुद्ध आहे. माझे सर्व मुद्दे बिनतोड आहेत. मी जात आहे. चिमाजीने नमस्कार गाडीतच उरकायचा, असे त्याच्याकडून वदवून घेतले आहे. येथे माणूस बसला आहे हे दुरून कळावे म्हणून झाडाला बांधायला भडक नारिंगी फडकी घेतली आहेत, ती पाहून तो "भगवं हाय, चालंल" म्हणाला. रणजीतने बंदूक भरू नये, नुसते बसून यावे, असे मी त्याला कळवले आहे. त्याने होकार वा नकार दिलेला नाही. औषधे दोन ठिकाणी ठेवली आहेत. विम्याचे कागद तीन वेळा वाचले. एवढे करूनही ती नळी उठलेली मला दिसते, आणि प्रत्येक वेळी चांगभलं ऐकू येईलच अशी खात्री वाटत नाही.

कलम १०. व्यवस्थापक म्हणून मी रोहिदास चिमाजी तापकीर याची नेमणूक करतो. ज्याचा संशय सर्वांत जास्त, त्याच्या हाती कागद सर्वांत सुरक्षित राहतात, हा माझा वकिलीतला अनुभव आहे. त्याने ही नेमणूक स्वीकारली आहे, थोडे पुटपुटून.

कलम ११. शेवटचे. हे कोणत्याही न्यायालयात बजावता येणार नाही. आमच्यात माणूस गेला की दहनानंतर त्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद कडू घास आणतात आणि ज्याचे माणूस गेले त्याला बळेच भरवतात. आम्हा दोघांपैकी कोणी रणजीतच्या हातून गेला, तर रणजीतला कोण भरवणार, हा प्रश्न मला जमिनीपेक्षा, फ्लॅटपेक्षा, माझ्या मरणापेक्षा मोठा वाटतो. तो अस्थी घेऊन घरी येईल, पण स्वतःहून ताटावर बसणार नाही. लोक दारापर्यंत येतील आणि डबा ठेवून परततील. म्हणून माझी रोहिदासला विनंती आहे, आज्ञा नव्हे: तो घास तू न्यावास. डबा ठेवून येऊ नकोस. त्याच्याजवळ खाली बस, आणि पहिला घास तुझ्या हाताने त्याच्या तोंडात घाल. तुझे वडील गेले असतील तरीही. तेव्हा तर नक्कीच.

येणेप्रमाणे हा लेख मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केला आहे. त्यांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या आहेत.

ठिकाण: चिंचवड
दिनांक: १६ मार्च २०२६

सही: लक्ष्मणराव कोंडिबा तापकीर

साक्षीदार
१. डॉ. स्वरूपा देशमाने, चिंचवड
२. समाधान वाघमोडे, तळेगाव दाभाडे (दुसरी पाळी संपवून आले; पूर्ण वाचूनच सही केली)

व्यवस्थापकाची पोच:
सगळं वाचलं. कलम अकरा दोनदा वाचलं. रणजीतला मी भरवीन. पण आण्णा, तुम्ही दोघं परत या.
सही: रोहिदास चिमाजी तापकीर, रहाटणी