क्लब सोडायचा म्हणजे

४ जाने., रवि.
जिंकलो. तरी घरी आल्यावर चहा गोड लागेना. आमच्या फुटबॉल क्लबने मुलींची टीम बंद केली. हाफटाइमला माइकवर सांगितलं आणि लगेच गाणं लावलं. निर्लज्ज! त्या टीमची गोलकीपर रूपाली माझ्या शेजारीच बसलेली. तिची आई वंदना आणि मी, पोरगी कडेवर होती तेव्हापासून एकाच बाकावर. कोलशेतची कोळीण, आवाज असा की रेफरी वळून बघतो. आज तिने नुसती पिशवी भरायला घेतली.

७ जाने., बुध.
ऑफिस सुटल्यावर ठाण्यात टपरीवर जमलो, सगळे जुने फॅन. ठरलं: मुलींची टीम परत येईपर्यंत एकाही मॅचला जायचं नाही. पहिला हात माझा. जोशीकाका म्हणाले, "अगं, क्लब म्हणजे काय ऑफिसातली चार डोकी? खेळणाऱ्या पोरांनी काय केलंय?" राग आला. त्यात तथ्य होतं म्हणून जास्तच.
वं. एवढंच म्हणाली, "ज्याला जावाचा त्यानी जावा. माजा पाय नाय उठनार."
रूपालीला कुणी विचारलंच नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

११ जाने., रवि.
घरीच. मैदानावर मॅच चालू आणि मी डोंबिवलीत कपाट आवरतेय. सतीश म्हणाला, "तू जा बाई एकदाची, पण माझे शर्ट फेकू नकोस." नवरा असून असं बोलतो. स्कोअर बघायचा नाही ठरवलेलं. बघितला. हरलो. आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच लाज वाटली. इतकी वर्षं...

१२ जाने., सोम.
क्लबच्या पेजवर कालचा फोटो. रिकामे बाक दिसू नयेत असा काढलेला. मधोमध रूपाली, ओरडताना. खाली लिहिलंय: खरे चाहते साथ सोडत नाहीत. म्हणजे आम्ही खोटे.
वं.चा फोन. रडत होती की भांडत होती कळेना. "माज्या पोरीला हाकलली न तिचाच फोटू लावला!" ती गेली होती हे वं.लाही फोटोवरूनच कळलं.

१३ जाने., मंगळ.
ऑफिसातून थेट कोलशेत. रूपाली शांत होती. "मावशी, फोटो काढला ते मला माहीत नव्हतं. पण मी गेलेले, आणि परत जाणार. खेळायला घेत नाहीत, मग बघायला पण जाऊ नको? क्लब माझा पण आहे ना? माझ्यासाठी तुम्ही सगळे बाहेर, आणि आत मी एकटी. तो बाक किती मोठा आहे, कधी बघितलंय?"
वं. ओट्याकडे तोंड करून, "ज्यांनी हाकलला त्यांच्यासाठीच टाळ्या वाजवते?"
"त्यांच्यासाठी नाय गं आई."
एवढं म्हणून ती कोपऱ्यातले ग्लोव्ह्ज पुसत बसली.
मला दोघींचंही म्हणणं पटतं. एकीचंच पटलं असतं तर सुटले असते.

१७ जाने., शनि.
उद्या मॅच. वं. फलक घेऊन गेटवर उभी राहणार. दुपारी फोनवर म्हणाली, "मीनल, तू हायस ना?" हो म्हटलं.
संध्याकाळी रूपालीचा मेसेज: "मावशी, जागा धरून ठेवते."
तिलाही हो कळवलं.